वेंचणाराची कला

दुसऱ्यांनीं रचलेल्या कृति एकत्र करून त्यांचा एक हार गुंफणारा जो मनुष्य, त्यास कलावंत म्हणावें किंवा नुसता संग्राहक म्हणावें, हा प्रश्न साहित्यविचारांत जुना आहे. हालाच्या नांवावर असलेली गाथासप्तशती हा महाराष्ट्री प्राकृतांतील गाथांचा वेंचाच होय. कोटि गाथांतून सातशें निवडल्याचें त्या ग्रंथांतच सांगितलें आहे. ग्रीक भाषेंत मेलेआगर या कवीनें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत आवडत्या कवींच्या लघुकवितांचा संग्रह केला, त्यास 'माला' असें नांव दिलें आणि एकेका कवीस एकेका फुलाची वा वनस्पतीची उपमा दिली. परशुरामपंत तात्या गोडबोले यांचें 'नवनीत' १८५४ सालीं निघालें आणि पालग्रेव्हची 'गोल्डन ट्रेझरी' १८६१ सालीं. या दोन पुस्तकांनीं आपापल्या भाषेंतील कित्येक पिढ्यांची काव्यविषयक रुचि घडविली, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. शिवाय छापखान्यापूर्वीं आपल्या घराघरांतून जीं हस्तलिखित बाडें असत, त्यांत घरच्या कोणी वडील माणसानें आवडलेले अभंग, पदें, आर्या उतरून ठेविलेल्या असत. त्या बाडांस ग्रंथाची प्रतिष्ठा कोणी दिली नाहीं, तरी जुन्या कवितेचा बराच भाग त्यांच्यामुळेंच आपल्या हातीं लागला.

हा प्रपंच मांडण्याचें कारण असें कीं, इंग्लंड-अमेरिकेंतील तरुण मंडळींत गेल्या शतकाच्या अखेरीस व चालू शतकाच्या पहिल्या दशकांत एक प्रघात पडला होता, आणि तो या बाडांच्या जातीचा आहे असें आम्हांस वाटतें. आपणांस नुकतींच आवडलेलीं पंधरा-वीस नवीं गाणीं निवडावयाचीं, तीं मनाशीं ठरविलेल्या क्रमानें एका कोऱ्या सीडीवर उतरवावयाचीं, तबकडीवर शाईनें एखादें नांव लिहावयाचें आणि ती स्नेह्याच्या हातीं द्यावयाची, असा तो प्रघात. या तबकडीस तिकडे 'मिक्स सीडी' म्हणत. गाणीं बहुधा 'इंडी' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संगीतांतील असत. तरुणांचा पोरखेळ म्हणून ही गोष्ट सोडून द्यावी, असें पुष्कळांस वाटेल. आम्ही मात्र तिजकडे शब्दांवांचून केलेली टीका या दृष्टीनें पाहतों. आणि टीका म्हणून तिची योग्यता काय, हें ठरविण्याचा प्रयत्न येथें करावयाचा आहे.

'इंडी' हा 'इंडिपेंडंट' म्हणजे 'स्वतंत्र' या शब्दाचा संक्षेप. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयावांचून, लहान व पुष्कळदां हौशी माणसांनीं चालविलेल्या संस्थांतर्फे निघणारें संगीत, असा त्याचा मूळ अर्थ. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या वाद्यवृंदानें १९७७ च्या जानेवारींत 'स्पायरल स्क्रॅच' ही छोटी मुद्रिका कोणत्याही कंपनीच्या दारीं न जातां उसनवारीच्या पैशांवर स्वतःच काढली, आणि आपणही असें करूं शकूं अशी उमेद शेंकडों तरुणांस आली. लंडनमध्यें जेफ ट्रॅव्हिस यांनीं १९७६ सालीं उघडलेलें 'रफ ट्रेड' हें दुकान अशा मुद्रिकांच्या वितरणाचें केंद्र बनलें, व १९८० पासून इंग्लंडांत इंडी मुद्रिकांच्या खपाची निराळी यादी प्रसिद्ध होऊं लागली. अमेरिकेंत वॉशिंग्टन राज्यांतील ऑलिंपिया या गांवीं ब्रूस पॅव्हिट यांनीं १९८० सालीं एक लहानसें नियतकालिक काढलें. त्याचे कांहीं अंक छापील असत, तर कांहीं कॅसेटच्या रूपानेंच निघत, आणि त्यांत गांवोगांवच्या अप्रसिद्ध वाद्यवृंदांचीं गाणीं असत. सिअ‍ॅटलची 'सब पॉप' ही विख्यात संस्था या नियतकालिकांतूनच जन्मास आली. नॉर्थ कॅरोलायना राज्यांत १९८९ सालीं निघालेली 'मर्ज' ही अशीच दुसरी संस्था. कॅनडांतील 'आर्केड फायर' या वाद्यवृंदाचा तिनें काढलेला संग्रह २०११ सालीं ग्रॅमी पारितोषिकांतील सर्वोत्कृष्ट संग्रह ठरला. परंतु तें फार पुढचें. आरंभींच्या काळीं या मंडळींची खरी अडचण गाणें रचण्याची नव्हती, तें कोणाच्या तरी कानापर्यंत पोहोंचविण्याची होती. नभोवाणीवर त्यांस क्वचितच जागा मिळे व मोठ्या दुकानांच्या फळ्यांवर त्यांच्या मुद्रिका नसत.

अर्थात् हें संगीत हातोहात फिरलें. त्याचीं तीन उदाहरणें येथें देण्यासारखीं आहेत. डॅनियल जॉन्स्टन हा टेक्सासमधील ऑस्टिन शहरीं राहणारा गीतकार १९८० च्या दशकांत साध्या घरगुती यंत्रावर आपलीं गाणीं मुद्रित करी आणि त्या कॅसेटी भेटेल त्याच्या हातीं देई. अगदीं आरंभीं तर प्रत काढण्याचें साधन जवळ नसल्यामुळें, नवी कॅसेट हवी झाली कीं तो सारीं गाणीं पहिल्यापासून पुन्हां गाई. सॅम बीम हे फ्लॉरिडांत चित्रपटकलेचे अध्यापक होते. 'आयर्न अँड वाइन' या नांवानें त्यांनीं घरीं मुद्रित केलेलीं गाणीं एका परिचिताकडून दुसऱ्याकडे जात जात 'सब पॉप'च्या चालकांच्या कानीं पडलीं, आणि २००२ सालीं त्यांचा पहिला संग्रह निघाला. तिसरें उदाहरण सुफ्यान स्टीव्हन्स यांचें. त्यांनीं २००१ पासून नाताळांत कांहीं गाणीं मुद्रित करून तीं आप्तेष्टांस भेट देण्याची चाल पाडली. त्या घरगुती भेटी २००६ सालीं पांच तबकड्यांच्या एका संचांत सर्वांसाठीं प्रसिद्ध झाल्या. ज्या संगीताचे कर्तेच भेटीदाखल गाणीं वांटीत होते, त्याच्या श्रोत्यांनीं तोच मार्ग धरला यांत नवल नाहीं.

आतां या तबकडीचें साधन काय तें पाहूं. फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं कॅसेट बाजारांत आणली, आणि सामान्य माणसास घरबसल्या संगीत उतरून घेण्याची सोय प्रथम तिनें करून दिली. सीडी १९८२ सालीं जपानांत विक्रीस आली. परंतु ती केवळ ऐकावयाची वस्तु होती. घरीं लिहितां येणारी सीडी नंतर आली, व ती लिहिणारें यंत्र साधारण कुटुंबाच्या आटोक्यांत यावयास १९९० च्या दशकाची अखेर उजाडली. बारा सेंटिमीटर व्यासाच्या या तबकडींत सेंद्रिय रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेसर किरणानें त्या थरांत सूक्ष्म ठिपके उमटविले जातात, म्हणून इंग्रजींत तबकडी 'जाळणें' असा वाक्प्रचार रूढ झाला. तिच्यावर ७४ किंवा ८० मिनिटांचें संगीत मावतें. १९९९ सालीं 'नॅप्स्टर' निघालें आणि गाण्यांची देवघेव संगणकांतून होऊं लागली. २००१ सालीं ॲपल कंपनीनें तर गाणीं घ्या, मिसळा व जाळा, अशा अर्थाची जाहिरातच केली. तात्पर्य, साधन स्वस्त झालें, सामग्री विपुल झाली, आणि जो तो आपल्या आवडीचा संपादक होऊन बसला.

अशी एक तबकडी आमच्यापुढें आहे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ती २००५ च्या अखेरीस शिकागोहून पाठविली. तींत सोळा गाणीं असून तीं अठ्ठावन्न मिनिटांत संपतात. सोबत घडी घातलेल्या कागदावर प्रत्येक वाद्यवृंदाचें नांव, गांव आणि एकेक ओळ टिपण आहे. आरंभीं 'आर्केड फायर'चें, अनेक कंठ एकत्र मिळून उच्च स्वरांत गाणारें, तंतुवाद्यांनीं भरलेलें गाणें आहे. त्याच्या पाठोपाठ जोआना न्यूसम हिची एकटी हार्प आणि तिचा तो किंचित् चिरका, बालकासारखा आवाज येतो. पहिल्यानें हा आवाज आमच्या कानास रुचला नसता. परंतु मोठ्या समुदायाचा घोष थांबतांच जी पोकळी उत्पन्न होते, तींत हा एकटा आवाज असा कांहीं उभा राहतो कीं, त्याचा चिरकेपणा हा दोष न वाटतां त्याच्या एकाकीपणाची खूण वाटूं लागतो. ही गोष्ट गाणारीनें साधलेली नाहीं. दोन गाणीं शेजारीं ठेवणारानें ती साधली आहे. चांगला टीकाकार एक कविता दुसरीशेजारीं ठेवून जें दाखवितो, तेंच येथें एका शब्दावांचून दाखविलें गेलें आहे.

हीच तबकडी नवव्या गाण्यापासून अकराव्यापर्यंत ढिली पडते, हेंही सांगितलें पाहिजे. तीन गाणीं लागोपाठ एकाच मंद लयीचीं, तिन्ही कुजबुजल्या आवाजांत गाइलेलीं. त्यांतलें प्रत्येक स्वतंत्रपणें चांगलें, पण तिसरें येईपर्यंत मन बाहेर भटकूं लागतें. 'आयर्न अँड वाइन'चें गाणें या तिघांत शेवटीं आलें आहे, आणि तें उत्तम असूनही त्यामुळें त्याचें नुकसान झालें आहे. निवडणारास तें फार प्रिय असावें हें कागदावरील टिपणावरून कळतें. तथापि प्रिय गाणें कोठें बसेल याचा विचार त्या प्रियतेनें झांकला गेला. आपल्या गाण्याच्या बैठकींत विलंबित ख्यालामागून द्रुत कां येतें आणि भैरवीनंतर गायक कां थांबतो, हें ज्यास समजतें त्यास या तबकडीचें व्यंग सांगावें लागणार नाहीं. क्रम हा संकलनाचा प्राण होय. गाणीं परक्यांचीं असतात. त्यांच्यामधील दोन सेकंदांची शांतता तेवढी निवडणाराची स्वतःची असते, आणि तिचा उपयोग त्यानें कसा केला यावरून त्याची पारख होते.

कॅसेट आणि सीडी यांची तुलना येथें ओघानेंच येते. कॅसेटीस दोन बाजू असत. नव्वद मिनिटांच्या फितीवर पंचेचाळीस मिनिटांनीं विराम पडे, आणि कुशल संकलक त्या विरामाचा नाटकांतील अंकाप्रमाणें उपयोग करून घेई. शिवाय कॅसेट भरावयास जेवढें संगीत तेवढाच वेळ लागे. देणारास प्रत्येक गाणें स्वतः बसून ऐकावेंच लागे, आणि एखादें गाणें चुकीच्या जागीं पडलें आहे हें त्याच्या कानास तेव्हांच कळे. सीडी पांच-दहा मिनिटांत तयार होते. न ऐकतां देखील ती करतां येते, आणि पुष्कळांनीं तशी केली. ऐंशीं मिनिटें उपलब्ध आहेत म्हणून तीं भरून काढलींच पाहिजेत, असा एक लोभही तिनें उत्पन्न केला. आमच्यापुढील तबकडीचा कर्ता अठ्ठावन्न मिनिटांवर थांबला, ही त्याच्या संयमाची साक्ष होय. ऐकणाराच्या बाजूनेंही फरक पडला. कॅसेटींत नावडतें गाणें वगळणें कटकटीचें असे, म्हणून तें ऐकलें जाई, आणि तीन वेळां ऐकल्यावर कदाचित् आवडूंही लागे. सीडींत बोटाच्या एका दाबासरशीं तें नाहींसें होतें. उलट पक्षीं, प्रतीवरून प्रत काढतांना कॅसेटींत आवाज मळत जाई, तो सीडींत मळत नाहीं. आणि दोघां-चौघां मित्रांस तीच तबकडी पाठवून तीवर पत्रांतून वाद घालणें तिच्यामुळें सोपें झालें. तोटा मोठा कीं लाभ मोठा, असें विचारल्यास आम्ही इतकेंच म्हणूं कीं, कॅसेटीनें जी काळजी सक्तीनें करविली ती सीडीनें ऐच्छिक केली, आणि म्हणूनच सीडींतील काळजी दिसली कीं ती अधिक मोलाची वाटते.

या विषयावर इंग्रजींत दोन पुस्तकें अशीं आहेत कीं त्यांचा उल्लेख टाळतां येत नाहीं. दोन्हींचा संबंध कॅसेटीशीं आहे, पण तत्त्व तेंच. निक हॉर्नबी यांची 'हाय फिडेलिटी' ही कादंबरी १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. तिचा नायक रॉब हा उत्तर लंडनमधील मुद्रिकांचा दुकानदार. कॅसेट कशी भरावी याचे त्याचे नियम कडक आहेत. आरंभ जोरदार असावा, एकाच गायकाचीं दोन गाणीं लागोपाठ येऊं नयेत, इत्यादि. हे नियम पुढें इतके प्रसिद्ध झाले कीं, कित्येकांनीं ते शास्त्रवचनासारखे पाळले. परंतु कादंबरीचा रोख त्या नियमांकडे नाहीं, असें आमचें मत आहे. रॉब माणसांस त्यांच्या आवडीवरून तोलतो. त्याला जें ठाऊक तें दुसऱ्यास ठाऊक नसावें, यांत त्याचें सुख आहे, आणि त्यामुळेंच त्याचे एकामागून एक संबंध विस्कटतात. शेवटीं तो लॉरासाठीं एक कॅसेट मनांत जुळवूं लागतो, आणि ती तिच्या परिचयाच्या व तिला आवडतील अशा गाण्यांची असावी असें त्याला प्रथमच सुचतें. पुस्तकभर चाललेलें स्वतःच्या रुचीचें प्रदर्शन येथें थांबतें. वेंचणारानें घेणाराच्या कानानें ऐकावयास शिकणें, हाच त्या कादंबरीचा खरा शेवट होय.

दुसरें पुस्तक रॉब शेफिल्ड या संगीतटीकाकाराचें 'लव्ह इज अ मिक्स टेप'. हें २००७ सालीं निघालें. लेखकाची पत्नी रेने १९९७ च्या मे महिन्यांत अकस्मात् वारली. तिच्या सहवासाचें हें स्मरण आहे. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभीं एकेका कॅसेटवरील गाण्यांची यादी दिली आहे, आणि त्या यादीवरून तो काळ जागा केला आहे. याद्या वाचतांना प्रथम कंटाळा येतो, कारण त्यांतील निम्मीं नांवें आपल्याकडील वाचकास अपरिचित असतात. हळूहळू ध्यानांत येतें कीं, चांगलीं गाणीं आणि टाकाऊ गाणीं त्या याद्यांत शेजारीं शेजारीं नांदत आहेत, आणि लेखकानें मागाहून त्यांत सुधारणा केलेली नाहीं. टीकाकार म्हणून त्यानें कांहीं गाणीं गाळलीं असतीं तर यादी शोभिवंत झाली असती व साक्ष खोटी ठरली असती. पुस्तकांत भावविवशता कोठें कोठें अधिक आहे, आणि नव्वदीच्या दशकाविषयींचा उत्साह कधीं कधीं वृत्तपत्री थाटाचा होतो. तरीपण ऐकण्याच्या सवयीनें दोन माणसांचें जीवन कसें विणलें जातें, हें इतक्या प्रामाणिकपणें सांगणारें पुस्तक आम्हीं दुसरें वाचलें नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, या प्रघातानें दुर्मिळतेचा अहंकार पोसला. वाद्यवृंद जितका अप्रसिद्ध तितका तो श्रेष्ठ, आणि तो प्रसिद्ध होतांच त्याज्य, अशी एक विकृत रुचि इंडी संगीताच्या चाहत्यांत होती यांत संशय नाहीं. नवें तेवढें चांगलें म्हणणें हें जुनें तेवढें सोनें म्हणण्याइतकेंच आळसाचें लक्षण आहे. दोहोंतही कान न वापरतां निकाल देतां येतो. दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. सुफ्यान स्टीव्हन्स यांचा २००५ मधील 'इलिनॉय' हा संग्रह एका राज्याचा इतिहास, भूगोल व त्यांतील माणसें यांभोंवतीं एकसंध रचलेला आहे. त्यांतील एक गाणें उपटून भलत्याच शेजारांत लावणें म्हणजे नाटकांतील एक प्रवेश काढून दाखविण्यासारखें नव्हे काय? हा आक्षेप आम्हांस अंशतः मान्य आहे. वेंचा हा मूळ ग्रंथाचा पर्याय झाला तर तो घातक होय. मूळाकडे नेणारी वाट झाला तर त्याचें काम झालें. 'नवनीत' वाचून मोरोपंतांच्या ग्रंथाकडे वळलेला वाचक आणि 'नवनीता'वरच थांबलेला वाचक, हे दोन्ही आपल्या परिचयाचे आहेत.

तिसरा आक्षेप पैशाचा व न्यायाचा असून तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. १९८० च्या दशकाच्या आरंभीं इंग्लंडांतील ध्वनिमुद्रण व्यवसायानें, घरगुती मुद्रण संगीताचा जीव घेत आहे, अशी मोहीम काढली व कॅसेटीखालीं दोन हाडें काढून तिला चांच्यांच्या निशाणाचें रूप दिलें. अमेरिकेंत १९९२ च्या कायद्यानें बिनव्यापारी घरगुती मुद्रणास कांहीं संरक्षण दिलें, आणि संगीतासाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या कोऱ्या तबकड्यांवर शुल्क बसविलें. संगणकासाठीं विकल्या जाणाऱ्या साध्या तबकड्यांस तें लागू नव्हतें, आणि बहुतेक मंडळी वापरीत त्या ह्याच. इंग्लंडांत २०१४ सालीं स्वतःपुरती प्रत काढण्याची मुभा कायद्यानें मिळाली, ती पुढच्याच वर्षीं उच्च न्यायालयानें रद्द ठरविली. आणि ती असतांनाही स्नेह्यास प्रत देणें तींत बसत नव्हतें. कायद्याच्या दृष्टीनें म्हणून हा प्रघात निर्दोष होता, असें आम्ही म्हणूं इच्छीत नाहीं. मोठ्या कंपनीचें एक गाणें फुकट गेल्यानें तिचें फारसें बिघडत नाहीं, हा युक्तिवाद तर येथें उलटा लागतो. कारण इंडी वाद्यवृंदास शंभर प्रतींचा खप देखील मोलाचा असतो. या संगीताचा प्रसार अशा देवघेवीनेंच झाला हें खरें. पण प्रसार झाला म्हणून ऋण फिटलें असें होत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें कागदाच्या पाठीमागें प्रत्येक संग्रह कोणत्या संस्थेनें काढला व तो कोठें विकत मिळेल हें लिहिलें होतें. हा शिष्टाचार ज्यांनीं पाळला, त्यांची तबकडी आम्ही टीका समजतों. ज्यांनीं पाळला नाहीं त्यांस ती पदवी देतां येत नाहीं.

या सर्व गोष्टींस आतां दिवस लोटले. २००८ सालीं 'स्पॉटिफाय' ही सेवा युरोपांत सुरू झाली, आणि २०१९ च्या फेब्रुवारींत ती आपल्या देशांत आली. २०१५ पासून दर सोमवारीं प्रत्येक श्रोत्यास तीस गाण्यांची एक ताजी यादी ती आपण होऊन देते. त्यानें काय काय ऐकलें, कोणतें अर्ध्यावर सोडलें, त्याच्यासारखे इतर लोक काय ऐकतात, यांचा हिशेब करून यंत्र ही निवड करतें. यंत्राची निंदा करण्याची आमची इच्छा नाहीं. ज्यास शिकागोंत मित्र नाहीं अशा साताऱ्याच्या किंवा कुडाळच्या मुलास ऑलिंपियांतील वाद्यवृंद आज जितक्या सहज ऐकावयास मिळतो, तितका पूर्वीं पुण्या-मुंबईच्या श्रीमंत मुलासही मिळत नव्हता. गाणें पुरेशा वेळां ऐकलें गेलें कीं, थोडें कां होईना, त्याच्या कर्त्यास बहुधा मूल्य पोहोंचतें, हेंही त्या जुन्या तबकडीहून बरें.

परंतु या निवडींत एका गोष्टीची उणीव आहे, आणि तिच्यासाठींच आम्हीं हा लेख लिहावयास घेतला. यंत्राच्या यादीमागें कोणी उभा नसतो. आमच्या विद्यार्थ्यानें जोआना न्यूसमचें गाणें दुसऱ्या क्रमांकावर ठेवलें तेव्हां, हें आपल्या प्राध्यापकांस रुचेल कीं नाहीं, याची धाकधूक त्यास वाटली असलीच पाहिजे. आम्हांस तें रुचलें नसतें तर त्यास तें सहन करावें लागलें असतें, कारण निवड त्याची होती. आणि आम्हांवरही असा भार होता कीं, तें न आवडलें तर कां आवडलें नाहीं हें त्यास कळवावें. यंत्राची निवड नावडली तर आपण कोणाचें मन मोडीत नाहीं, आणि आवडली तरी कोणाचें ऋणी होत नाहीं. अभिरुचि ही अशा देण्याघेण्यांतून, किंचित् भीड व किंचित् धैर्य यांच्या ताणांतून वाढते, असा अध्यापनाच्या व्यवसायांतील आमचा अनुभव आहे. वर्गांत एखादी कविता वाचून दाखविणारा शिक्षक दररोज हीच जोखीम पत्करतो. ती जोखीम घेणारीं माणसें घराघरांतून कमी झालीं तर ऐकावयास संगीत उदंड असेल, पण त्याविषयीं बोलावयास कोणी उरणार नाहीं, अशी आम्हांस खरोखर भीति वाटते.

त्या तबकड्याही आतां टिकणाऱ्या नव्हत. त्यांतील रंगद्रव्य उजेडानें व उष्णतेनें विटतें, आणि नव्या संगणकांतून तबकडी घालावयाची जागाच नाहींशी झाली आहे. आपल्याकडे १९८० च्या दशकांत गाण्यांची यादी दुकानदाराच्या हातीं देऊन कॅसेट भरून घेण्याची चाल होती. त्या कॅसेटींचीही आज हीच गति झाली. तथापि याद्या टिकूं शकतात. ज्यांच्या घरीं अशा तबकड्या वा कॅसेटी पडून असतील, त्यांनीं त्या टाकून देण्यापूर्वीं त्यांवरील गाण्यांचा क्रम एका वहींत उतरून ठेवावा, आणि कोणीं कोणास व कोणत्या सालीं दिली तेंही लिहावें. पुढच्या काळांतील अभ्यासकास आपल्या पिढीच्या कानाची ओळख खपाच्या आंकड्यांवरून होईल त्याहून अशा वह्यांवरून अधिक होईल.

ज्या घरांत मुलें आपापल्या कानांत यंत्र घालून निरनिराळें ऐकत बसलीं आहेत, तेथील वडील मंडळींस आमची एक सूचना आहे. महिन्यांतून एकदां प्रत्येकानें दहा नवीं गाणीं निवडून, क्रम लावून, घरांतील एकाच माणसासाठीं म्हणून द्यावींत व कारण विचारल्यास सांगावें. साधन कोणतेंही चालेल. तबकडीचा आग्रह नाहीं. मुलानें दिलेलें गाणें आवडलें नाहीं तर तसें स्पष्ट सांगावें, परंतु तीनदां ऐकल्यावांचून सांगूं नये.